चौघांचा बँड

‘स्विंग’ हा शब्द आमच्या मुदखेडात ऐकू येतो तो फक्त क्रिकेटच्या मैदानावर. चेंडू स्विंग होतो, एवढे पोरांना ठाऊक! बाकी मुदखेड म्हटले की लोकांना रेल्वे आठवते आणि फुले आठवतात. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो, आदिलाबादचा फाटा येथेच फुटतो, आणि आसपासच्या शेतांतला गुलाब नि काकडा पहाटे बाजाराची वाट धरतो. अशा गावाचा आणि अमेरिकेतल्या नाचघरांत जन्मलेल्या स्विंग नावाच्या संगीताचा काय संबंध, असे कुणीही विचारील. पण संबंध आहे. ते संगीत आमच्या रस्त्यांवरून निदान सत्तर वर्षे वाजत गेले आहे. मारुतीच्या पारापर्यंत जाणाऱ्या परण्यात वाजले, वरातीत वाजले, गणपती बोळवतानाही वाजले. ज्यांनी ते वाजवले त्यांना त्याचे नाव मात्र कुणी सांगितले नव्हते.

माझे मामा बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतात. आजोबा हलगी वाजवीत. आमच्या वस्तीत वाद्य आधी आले आणि पाटी-पेन्सिल फार नंतर. कॉलेजात जाणारी घरातली पहिली मी, आणि माझी पहिल्या वर्षाची फी मामाने एका लगीनसराईत क्लॅरोनेट फुंकून भरली आहे. तेव्हा या विषयावर मी अगदी तटस्थपणे लिहीन अशी अपेक्षा वाचकांनी ठेवू नये.

आमच्या बँडचे मुख्य म्हणजे वस्ताद. वय सत्तरीपुढचे, हातात ट्रम्पेट, वरचे पुढचे दोन दात गेलेले. दात गेले की ट्रम्पेटवाल्याचा कारभार आटोपतो म्हणतात. वस्तादांनी ओठांचा कोपरा पकडून नवी बैठक बसवली आणि वाजवत राहिले. त्यांच्याकडे काही चाली अशा आहेत की त्यांना ते नुसते ‘इंग्लिश’ म्हणतात. “आता ती इंग्लिश घ्या,” असे म्हणाले की मामा क्लॅरोनेट सरसावतो, आणि ताल एकदम बदलतो. सरळ चालणारा माणूस अचानक लाडात येऊन झुलत चालू लागावा तसा.

“वस्ताद, ही चाल कुठली हो?” मी एकदा विचारले.

“अलबेलातली. भगवानदादाची. माझ्या बापानं बसवली व्हती.”

‘अलबेला’ हा चित्रपट १९५१ सालचा. मी तो मोबाईलवर पाहिला. भगवानदादा, म्हणजे गिरणी कामगाराचा मुलगा भगवान पालव, त्यात दिग्दर्शकही आहेत आणि नायकही. आमच्याकडे आजही वरातीत निम्मे पुरुष जे हात खाली सोडून, खांदे हलवून नाचतात ते त्यांचेच नाचणे आहे. संगीत सी. रामचंद्रांचे. रामचंद्र चितळकर हे तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. तेही आमच्यासारखेच रेल्वेचे गाव. चित्रपटातल्या एका गाण्यात झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेले वादक पडद्यावर दिसतात. त्यांच्यातला ट्रम्पेटवाला पाहून मी फोन थांबवला. गाल फुगवण्याची, ट्रम्पेट आकाशाकडे उचलण्याची जी ढब वस्तादांची, तीच त्याची! अर्थात वस्तादांनी तो चित्रपट पोरवयात तंबूत पाहिला असणार, आणि ढब तेथून उचलली असणार. चमत्कार वगैरे काही नाही.

हा ट्रम्पेटवाला म्हणजे चिक चॉकलेट. खरे नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा. जन्म १९१६, मृत्यू १९६७. अमेरिकेच्या लुई आर्मस्ट्राँगच्या ढंगाने वाजवी, म्हणून मुंबईत त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांच्या पाश्चात्त्य चालींमागे या माणसाचा हात होता. हे सारे मला नरेश फर्नांडिस यांच्या २०१२ साली निघालेल्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या इंग्रजी पुस्तकावरून कळले. आमच्या सरांनी ते मला नांदेडहून आणून दिले. शेजारी शब्दकोश ठेवून वाचले. दोन महिने लागले.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला वाद्यवृंद घेऊन आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला. (हा वेदरफोर्ड पुढे १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारला. कुठला माणूस, कुठे माती!) त्यांचे ऐकायला आणि त्यांच्या जोडीला बसायला मुंबईत गोव्याचे वादक होते. गोव्यात पोर्तुगिजांच्या राज्यात चर्चच्या शाळेत पोरांना स्वरलेखन शिकवीत. लिहिलेले सूर बघून वाजवता येणारी ही पोरे पोट घेऊन मुंबईला येत, धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या कुडांत पथारी टाकत, आणि रात्री साहेबांच्या नाचाला वाजवीत. मग मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला. नाचघरांचे दिवे मंदावले. वादकांनी सिनेमाच्या स्टुडिओची वाट धरली, आणि तेथे त्यांची मोठीच गरज होती. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा; पन्नास वादकांपैकी कुणी काय वाजवायचे हे कागदावर उतरवायचे कुणी? ते सेबॅस्टियन डिसूझांनी उतरवले, अँथनी गोन्साल्विसांनी उतरवले, चिक चॉकलेटने उतरवले. पडद्यावरच्या नामावलीत मात्र बहुधा संगीतकाराचे नाव यायचे. अँथनी गोन्साल्विस हे नाव साऱ्या देशाला ठाऊक झाले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे. ते नाव आपल्या गुरूचे म्हणून प्यारेलाल यांनी घेतलेले आहे, आणि गुरू माजोर्ड्याचा व्हायोलिनवादक आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

हे वाचताना मला आमच्या लोकांची पंगत आठवत होती. लग्नात बँड सर्वांच्या आधी येतो आणि सर्वांच्या शेवटी जेवतो. वऱ्हाडाला वाजणारे गाणे आठवते. वाजवणाऱ्याचे नाव विचारायची रीत नाही. “ए बँडवाले” एवढ्यावर भागते.

मुंबईतून हे सूर मुदखेडला आले कसे, तेही वस्तादांकडून कळले. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. एका मराठी माणसाने केलेली ही कामगिरी! लोकांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. स्टेशनसमोरच्या हॉटेलात रेडिओ होता. वस्तादांचे वडील आणि त्यांचे चार गडी एकेक चहा घेऊन तेथे बसत. स्वरलेखन कुणाला येत नव्हते; अक्षरच येत नव्हते. म्हणून वाटणी केलेली असे. एकाने मुखडा ध्यानात ठेवायचा, दुसऱ्याने अंतरा, तिसऱ्याने मधले वाद्यांचे तुकडे, चौथ्याने फक्त ताल. गाणे संपले की पाचही जण कुणाशी न बोलता, तोंडातल्या तोंडात गुणगुणत घराकडे पळत सुटत. वाटेत कुणी रामराम घातला तरी उत्तर द्यायचे नाही, नाहीतर अंतरा सांडला! हा प्रकार मला कुठल्याही विद्यापीठीय अभ्यासापेक्षा कमी वाटत नाही.

आता स्विंग म्हणजे नेमके काय, ते मला समजले तसे सांगते. चार मात्रांचा ताल घ्या. आपण स्वाभाविकपणे पहिल्या मात्रेवर वजन टाकतो. येथे वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. शिवाय प्रत्येक मात्रेचे जे दोन तुकडे पडतात ते समान नसतात. पहिला रेंगाळतो, दुसरा मागून धावत येऊन गाठतो. लांब-आखूड, लांब-आखूड. हळदीच्या दिवशी घरातल्या बायका जात्यावर हळद दळतात तेव्हा नीट कान द्या. खुंटा ओढताना जोर लागतो, ते अर्धे वर्तुळ जड. उरलेले अर्धे पाळीच्या वजनानेच फिरते, ते हलके. जात्याची घरघर कधी सरळ रेषेत येत नाही, झुलत येते. मी हे वस्तादांना सांगितले तेव्हा ते हसले नाहीत. थोडा वेळ पाहत राहिले आणि ताशावाल्याला म्हणाले, “आईक रे, पोरगी काय म्हणायलीय.”

आमच्या बँडमध्ये एके काळी एकवीस माणसे होती. लाल कोट, सोनेरी झालर, खांद्यावर बिल्ले. मी लहान असताना ते कोट आमच्या दोरीवर वाळत, तेव्हा मला आमचे घर राजवाड्यासारखे वाटे. मग डीजे आला. एकवीस माणसांची मजुरी, टेम्पो, जेवण हे सारे एका बाजूला आणि एका गाडीवर चढवलेल्या भिंतीएवढ्या पेट्या दुसऱ्या बाजूला. पेट्यांना भूक लागत नाही, पेट्यांना श्वास पुरत नाही असे होत नाही. एकवीसचे चौदा झाले, चौदाचे नऊ. कुणी हैदराबादला बांधकामावर गेला, कुणी रिक्षा घेतली. गेल्या वर्षापासून चौघे उरले. वस्ताद, मामा, पोटाशी धरायचा मोठा कर्णा वाजवणारे एक काका, आणि ताशावाला.

हे केवळ आमच्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेतही बेनी गुडमनच्या मोठ्या वाद्यवृंदाने १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवले, तेव्हा आता हे राज्य कधी संपायचे नाही असेच लोकांना वाटले असणार. पण युद्धात तरुण वादक सैन्यात गेले, पेट्रोलला रेशन लागले, १९४२ साली वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला, आणि १९४४ साली नाच-गाणे असलेल्या ठिकाणच्या बिलावर सरकारने तीस टक्के कर बसवला. एवढी माणसे पोसणे परवडेना. मोठमोठे वृंद फुटले आणि चार-पाच जणांचे छोटे ताफे उरले. सूर तेच राहिले, फक्त पगारपत्रक लहान झाले.

आणि या लहान ताफ्यांतच मला आमच्यासाठी काही सापडले. पॅरिसमध्ये १९३४ साली जँगो राइनहार्ट या गिटारवादकाने पाच जणांचा एक संच उभा केला. तीन गिटार, एक व्हायोलिन, एक मोठे खर्जाचे तंतुवाद्य. ना ढोल, ना कर्णा, ना वीज. तरीही तो स्विंग! जँगो हा युरोपातल्या भटक्या रोमा लोकांतला. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आपल्या देशातून तिकडे गेले, हे त्यांच्या भाषेवरून विद्वानांनी ठरवले आहे. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली. बायको विकण्यासाठी कागदा-सेल्युलॉइडची फुले करीत असे, त्या फुलांनी पेट घेतला. डाव्या हाताची दोन बोटे कायमची आखडली. उरलेल्या दोन बोटांनी त्याने नवी पद्धत बसवली, आणि जगभर आजही चार-पाच पोरे एकत्र येऊन, ध्वनिक्षेपकाशिवाय, त्याच्यासारखे वाजवायला धडपडतात. वस्तादांना मी ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी आपल्या गेलेल्या दातांच्या खिंडीत जीभ घातली आणि विचारले, “जिवंत हाय का तो?” १९५३ सालीच गेला म्हटल्यावर त्यांना खरोखर वाईट वाटलेले दिसले.

गेल्या दिवाळीनंतर मी त्यांना जँगोच्या संचाचे वाजवणे मोबाईलवर ऐकवले. पहिल्या दिवशी कुणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ताशावाल्याने काठ्या बाजूला ठेवल्या, शिंदीच्या फड्याच्या काड्या जुडीने बांधल्या आणि त्यांनी ताशाचे कातडे नुसते झाडायला सुरुवात केली. अमेरिकेत यासाठी तारेचा कुंचला मिळतो म्हणे. आमचा फडा काही वाईट वाजत नाही. काकांनी मोठ्या कर्ण्यावर चार मात्रांना चार पावले टाकली. मामाने अलबेलातली चाल घेतली, एकदा सरळ वाजवली, आणि दुसऱ्या फेरीला तिच्यापासून जरा दूर गेला. मग आणखी दूर. सूर सोडतो की काय असे वाटेपर्यंत! आणि वस्तादांनी ट्रम्पेटच्या तोंडावर स्टीलची वाटी धरून हलकेच त्याला परत बोलावले. एकवीस जण वाजवीत असताना मामाचा क्लॅरोनेट मला कधी वेगळा ऐकूच आला नव्हता. इतकी वर्षे तो त्या गोंगाटात काय काय करीत असेल?

पुढे दर गुरुवारी संध्याकाळी अंगणातल्या लिंबाखाली बैठक होऊ लागली. शेजारच्या बायका भाकरी थापता थापता ऐकत. “लग्नातल्यावाणी जोरात कामून वाजवत नाहीत?” असे एकीने विचारले. प्रश्न रास्त होता.

माघात माझ्या मैत्रिणीच्या बहिणीचे लग्न होते. शेजारच्या घरी एक म्हातारे अंथरुणाला खिळलेले, म्हणून मुलीच्या वडिलांनी डीजे नको ठरवले. मैत्रिणीने आमच्या चौघांचे नाव सुचवले. हळदीच्या रात्री त्यांनी मांडवात सतरंजीवर बसून वाजवले. बसून! बँडवाला बसून वाजवतो हे पाहूनच काहींना गंमत वाटली. म्हाताऱ्या माणसांनी जागा धरल्या. रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा एकामागून एक जुन्या चित्रपटांची नावे घेत राहिले आणि वस्ताद वाजवीत राहिले. पोरांना मात्र कंटाळा आला. त्यांनी ‘सैराट’मधले नाचाचे गाणे मागितले. चौघांनी तेही घेतले, पण झुलवत, अर्ध्या गतीने. दोन-तीन पोरे नाचून पाहायला उठली, पाय कुठे टाकावा ते कळेना, हसत हसत बसली. एक लहान मुलगी तेवढी शेवटपर्यंत नाचत होती, तिला ताल बरोबर सापडला होता. बिदागी चार हजार मिळाली, चौघांत वाटून. जेवण शेवटच्या पंगतीला.

तेव्हापासून आणखी दोन सुपाऱ्या आल्या आहेत, एक बारशाची आणि एक कुणाच्या तरी सत्तरीची. यावर घर चालत नाही. एका डीजेवाल्याने मामाला गाडीवर कामाला बोलावले आहे. पेट्या चढवायच्या-उतरवायच्या, वायरी जोडायच्या. रात्रीचे रोख पैसे. अक्षय्य तृतीयेच्या आधी कळवायचे आहे. मामी म्हणते जा. मामा काही म्हणत नाही. संध्याकाळी क्लॅरोनेटची पत्ती पाण्यात भिजत घालतो, पुसतो, पेटीत ठेवतो. मी त्याला ‘जाऊ नको’ म्हणू शकत नाही. कुठल्या तोंडाने म्हणू? तिसऱ्या वर्षाची फी जूनमध्ये भरायची आहे.

वस्तादांनी माझ्यावर एक काम सोपवले आहे. “तुला लिहिता येतं न्हवं? मंग लिव्ह,” म्हणाले. गोव्याच्या वादकांसारखे पाच रेषांवरचे लेखन मला येत नाही, म्हणून दोनशे पानी वहीत मी सा-रे-ग-म मध्ये लिहिते. रेंगाळणाऱ्या सुराखाली लांब रेघ, धावणाऱ्या सुरावर टिंब, आणि प्रत्येक चालीच्या डोक्यावर ती कुणी बसवली त्याचे नाव. आतापर्यंत अकरा चाली झाल्या. बाराव्या चालीचा मुखडा वस्तादांना येतो, अंतरा आठवत नाही. तो ज्याच्या वाटणीला होता ते गृहस्थ उमरीला लेकीकडे असतात असे कळले आहे. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मी आणि वस्ताद तिकडे जाणार आहोत.